पोलिश भालाइतांचे बिऱ्हाड

पाचगणीला लोक हवा खायला जातात, स्ट्रॉबेरी खायला जातात, नाहीतर मुलांना बोर्डिंगात पोचवायला जातात. मी गेलो तो एका घोडदळाचा माग काढीत. वाईच्या एस. टी. स्टँडवर शेजारी बसलेल्या गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मोठ्या आपुलकीने टेबललँडवरच्या घोड्यांचे भाडे मला सांगितले आणि ‘घासाघीस केल्याशिवाय बसू नका’ असा सल्लाही दिला. त्यांचे तरी काय चुकले? माझ्या मनातले घोडदळ या घाटात कधी आलेच नव्हते. ते लढले पोलंडात आणि इटलीत. इथे येऊन राहिली ती त्याच फौजेतल्या लोकांची मुलेमाणसे. तलवार एका खंडात आणि बिऱ्हाड दुसऱ्या खंडात, असा तो संसार होता. आणि त्या बिऱ्हाडाच्या खुणा सातारा, सांगली, कोल्हापूर या आपल्या नेहमीच्या वाटेवर आहेत.

गाडी पसरणीचा घाट चढेपर्यंत मूळ हकिगत सांगून टाकतो. पोलिश भालाइताला त्यांच्या भाषेत ‘उलान’ म्हणतात. शब्द मुळातला तुर्की, अर्थ ‘तरुण मुलगा’. हातात लांब भाला, भाल्याच्या टोकाशी दुशेपटी निशाण, डोक्यावर चौकोनी माथ्याची टोपी. नेपोलियनच्या सैन्यातल्या पोलिश भालाइतांची करामत पाहून इंग्रजांनी १८१६ साली आपल्याकडेही तसे रिसाले उभे केले, आणि इंग्रजांमागून ती टूम हिंदुस्थानात आली. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या भाल्यांवर लाल-पांढरी निशाणे फडफडताना आपण पाहतो, त्यांची लांबची आजी पोलंडची म्हणायला हरकत नाही.

या घोडेस्वारांविषयी एक गोष्ट जगभर झाली आहे, आणि ती खोटी आहे. जर्मन रणगाड्यांवर पोलिश घोडेस्वार भाले घेऊन तुटून पडले, अशी ती गोष्ट. मला वाटते, तिच्यात शौर्याचे कौतुक कमी आणि वेडेपणाची कुचेष्टा जास्त आहे. घडले ते असे. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, क्रोयांती गावाजवळ अठराव्या उलान रिसाल्याच्या स्वारांनी तलवारी उपसून जर्मन पायदळावर हल्ला केला. पायदळ पांगले. तेवढ्यात झाडीतून जर्मन चिलखती गाड्या निघाल्या आणि मशीनगनच्या माऱ्यात घोडे नि माणसे कोसळली; रिसाल्याचा कर्नलही पडला. मागाहून तिथे नेलेल्या वार्ताहरांनी मेलेले घोडे पाहिले, बाजूला रणगाडे पाहिले, आणि दोहोंची सांगड घातली. जर्मन प्रचारखात्याला तेवढे पुरे झाले.

त्याच दिवशी मोक्रा गावाशी जे घडले ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. व्होलिनियाच्या घोडदळ ब्रिगेडने तिथे जर्मनांची चौथी पँझर डिव्हिजन दिवसभर थोपवून धरली. या ब्रिगेडमध्ये बारावा पोदोलिया रिसाला होता. आपली गोष्ट मुख्यतः त्याची. घोडे मागे रानात ठेवलेले, स्वार जमिनीवर उतरलेले, हाती रणगाडे फोडणाऱ्या बंदुका आणि लहान तोफा, शिवाय मदतीला एक चिलखती आगगाडी. भाला तर लढाईतून आधीच बाद झाला होता. घोडा झटकन पोचायला आणि झटकन निसटायला. लढायचे ते पायउतार होऊन. शिलेदार-बारगिरांच्या आणि गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे उलगडून सांगायला नको.

पण मोक्राची शर्थ पोलंडला वाचवू शकली नाही. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाची फौज आत घुसली आणि दोघांनी मिळून देश वाटून घेतला. पोदोलिया रिसाल्याची छावणी होती क्रेमेनेत्स गावाजवळ, व्होलिनिया प्रांतात. ती रशियाच्या वाट्याला गेली. या पूर्व सरहद्दीवर १९२० च्या युद्धातल्या जुन्या सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या होत्या. आपल्याकडच्या इनाम जमिनीसारखाच प्रकार म्हणा. नव्या धन्याला ही लष्करी घराणी प्रथम खुपली. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत त्यांची दारे वाजली; हाताला लागेल ते गाठोडे घेऊन मुलाबाळांसकट माणसे मालगाडीच्या डब्यांत कोंबली गेली आणि सैबेरियाच्या जंगलांत लाकडे तोडायला धाडली गेली. पुढल्या दीड वर्षात अशा आणखी लाटा गेल्या. किती म्हातारी आणि किती तान्ही मुले तिथल्या बर्फात राहिली, त्याची गणती मांडण्याची ही जागा नव्हे.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि कालचे कैदी रशियाला आज दोस्त म्हणून हवेसे झाले. जुलैअखेर करार झाला, कैद्यांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता आणि माफी कशाची, हे कुणी विचारले नाही. या सुटलेल्या माणसांची फौज बांधायला जो सेनापती निवडला, तो जनरल अँडर्स स्वतः घोडदळाचा. १९३९ साली एका घोडदळ ब्रिगेडचे नेतृत्व करताना तो जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडला होता आणि मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून थेट सेनापतिपदावर आला. फाटक्या कपड्यांतले, पायांना चिंध्या गुंडाळलेले शिपाई त्याच्याभोवती जमू लागले. शिपायांमागून त्यांच्या बायका, बहिणी आणि पोरकी पोरे. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखावर माणसे इराणात उतरली. पुरुष इराक-पॅलेस्टाइनकडे, पलटणीत. आणि बायकामुलांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. काही पूर्व आफ्रिकेत गेली. जामनगरच्या दिग्विजयसिंह जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. सगळ्यांत मोठी वसाहत मात्र १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार माणसे होती. आणि ज्या मुलांची छाती कमजोर झाली होती, ती आली पाचगणीला.

एव्हाना आमची गाडीही पाचगणीला आली होती. चांदीसारख्या पानांची सिल्व्हर ओकची झाडे, उतरत्या छपरांचे जुने बंगले, धुक्यातून ऐकू येणारी शाळेची घंटा. क्षयावर औषध नव्हते त्या काळात पाचगणीची कोरडी हवा हेच औषध होते. डॉक्टर बिलिमोरियांचे आरोग्यधाम त्यासाठी मुंबईपर्यंत नावाजलेले होते. पोलिश मुलांसाठी इथे विश्रांतीची आणि उपचारांची सोय झाली. काही मुली इथल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकल्या. मुंबईत पोलंडचे वकील होते त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी या सगळ्या मुलांसाठी अतोनात खस्ता खाल्ल्या. युद्धानंतर त्या आपल्या देशी परतल्या नाहीत, हिंदुस्थानातच राहिल्या.

मी बाजारातून टेबललँडपर्यंत पायी गेलो. खाली कृष्णेचे खोरे, समोर धोम धरणाचे पाणी. ते अर्थात तेव्हा नव्हते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतून आलेल्या पोराला पाचगणीचा हिवाळा म्हणजे थंडी वाटलीच नसेल. इथे त्याला पोटभर भात होता, दूध होते, झोपायला कोरडा बिछाना होता. बाप इराकच्या वाळवंटात रणगाडा हाकायला शिकत होता. कारण पोदोलियाचा बारावा रिसाला आता मध्यपूर्वेत नव्याने उभा राहिला होता. नाव तेच, निशाण तेच, पण घोडे नव्हते. त्यांच्या जागी चिलखती गाड्या आल्या होत्या.

गंमत अशी, की त्याच इराकमध्ये त्याआधीपासून आपले मराठे होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर तिथे तळ देऊन होती. पुढे मराठे आणि पोलिश, दोघेही इटलीत गेले.

इटलीची गोष्ट मला साताऱ्यात आल्यावर खरी कळली. पुस्तकात माँते कॅसिनोचे नकाशे असतात, त्यांवर बाण असतात, आणि वाचून काही डोक्यात शिरत नाही. पण साताऱ्याच्या राजवाड्यापाशी उभे राहून अजिंक्यताऱ्याकडे मान वर केली की नकाशाची गरज उरत नाही. डोंगरावर मजबूत भिंतींची वास्तू, खाली गाव, गावाशेजारून मोठा रस्ता. ज्याच्या हातात माथा, त्याच्या हातात रस्ता. औरंगजेब १६९९ साली या गडाखाली येऊन बसला आणि गड मिळायला त्याला पुढल्या वर्षीचा एप्रिल उजाडला. प्रयागजी प्रभूंनी तो झुंजवला. मोगलांनी लावलेला एक सुरुंग तर उलटा त्यांच्याच माणसांवर कोसळला.

कॅसिनोच्या डोंगरावर किल्ला नव्हता, मठ होता. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापलेला. खालून रोमचा रस्ता जातो. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला, आणि जर्मनांनी त्या ढिगाऱ्यालाच तटबंदी केले. आधी अमेरिकन आपटले. मग न्यूझीलंडचे लोक आणि चौथी हिंदी डिव्हिजन. राजपुताना रायफल्सचे आणि गुरख्यांचे जवान त्या उघड्या खडकांवर शेकड्यांनी पडले. तीन हल्ले वाया गेले. ११ मे च्या रात्री चौथा सुरू झाला, तेव्हा डोंगराची बाजू पोलिश कोरकडे होती. त्याच रात्री, तिथून काही मैलांवर, आठवी हिंदी डिव्हिजन गारी नदी ओलांडीत होती.

पोलिशांचा पहिला हल्ला मोडला. डोंगर खडकाळ, खंदक खणायला माती नाही, प्रेते उचलायला वाट नाही. १७ मे रोजी त्यांनी पुन्हा धडक दिली. १८ तारखेच्या सकाळी लेफ्टनंट गुर्ब्येल यांच्या हाताखालची एक छोटी तुकडी सुरुंग चुकवीत, पायी, मठाच्या ढिगाऱ्यात शिरली. ही तुकडी बाराव्या पोदोलिया भालाइतांची होती. जर्मन फौज रात्री निघून गेली होती, मागे उरले होते ते जखमी. राष्ट्रध्वज कुणाच्या जवळ नव्हता. तेव्हा मिळेल त्या कापडातून भालाइतांनी आपल्या रिसाल्याचे लहानसे निशाण तयार केले, भाल्याला लावतात तसले, आणि पडक्या भिंतीवर रोवले. मोक्राच्या रानात घोडे गमावलेल्या रिसाल्याचे ते निशाण होते.

मग एमिल चेख नावाच्या शिपायाने बिगुल काढला आणि क्राकोवची ललकारी वाजवली. ती काय चीज आहे हे सांगितले पाहिजे. क्राकोव शहरात एका मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारीवर एक धून वाजते, आणि ती मध्येच, सूर पुरा न होता, तुटते. फार पूर्वी तातारांची धाड आली असता पहारेकऱ्याने इशाऱ्याची तुतारी फुंकली आणि बाण येऊन त्याच्या गळ्यात घुसला, अशी आख्यायिका आहे; तेव्हापासून धून तिथेच थांबते. कॅसिनोवरही ती तशीच तुटकी वाजली. ऐकणाऱ्यांतले कित्येक ओक्साबोक्शी रडले म्हणतात. डोंगरावरच्या पोलिश दफनभूमीत आज हजाराहून अधिक कबरी आहेत.

साताऱ्याहून मी अपशिंग्याला गेलो. सातारा तालुक्यातले हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली शिला गावात आहे. सकाळची वेळ होती. पारावर एक निवृत्त सुभेदार वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

“आबा, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेलेलं कुणी होतं का घरात?” मी विचारले.

“थोरलं चुलतं व्हतं की. आम्ही ल्हान असताना सांगायचं. डोंगर म्हणं आपल्यासारखंच, पर चिखल लई. आन् नद्याच नद्या. एक वलांडली की म्होरं दुसरी.”

“बरोबर आणखी कोणत्या देशाचे लोक होते, ते सांगायचे?”

“समद्या दुनियेचं व्हतं म्हणायचं. त्यास्नी नावं कुठली ठावं, पाव्हणं? टोपीवरनं वळखायचं.”

नद्या ओलांडण्याचे ते अगदी खरे बोलले. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना उचलून पाण्यातून परत आणले, मग तीन मोर्चे गप्प केले आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना केली. त्यांनाही तोच सन्मान मिळाला. त्या दिवशी त्याच सेनिओवर, बाजूच्या आघाडीला, पोलिश कोर होती.

आणि इथे मला थांबावेसे वाटते. कारण त्या एप्रिलमध्ये पोलिश सैनिक कशासाठी लढत होता? दोन महिन्यांपूर्वी याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन बसले होते आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच राहील असे त्यांनी ठरवून टाकले होते. व्होलिनिया गेला, क्रेमेनेत्सची छावणी गेली. पोदोलिया, जिचे नाव रिसाला मिरवीत होता, ती तर आधीच पलीकडे होती. अँडर्सने आपली फौज आघाडीवरून काढून घेण्याची भाषा केली. त्याची समजूत घालण्यात आली. सैनिक जागेवर राहिले आणि लढले. २१ एप्रिलला बोलोन्या शहरात पहिले शिरले तेच. आपले घर आता नकाशात परक्यांचे झाले आहे हे माहीत असून नदी ओलांडणाऱ्या माणसाच्या मनात काय असते, याचा मला अंदाज करवत नाही. शेजारच्या मराठा जवानाचे उलट होते. त्याचे घर, शेत, बैल जागच्या जागी होते. देश मात्र त्याचा त्याच्या हातात नव्हता.

ही दुसरी बाजू साताऱ्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीत पावलोपावली भेटते. रहिमतपूरला उतरून औंधला जाता येते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपल्या छोट्या संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती दिला. ती घटना घडवण्यात एक पोलिश माणूस होता: मॉरिस फ्रिडमन, धंद्याने इंजिनियर, वृत्तीने साधू, गांधीजींच्या माणसांत ‘भारतानंद’ म्हणून वावरणारा. याच संस्थानच्या आटपाडीकडच्या भागात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूरचा भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला, तो त्याच सुमारास. एका पोलिश माणसाने औंधला राज्य सोडून देण्याची घटना लिहावी आणि दुसऱ्यांनी गेलेले राज्य मिळवण्यासाठी कॅसिनो चढावा, असे ते दिवस होते. औंधच्या जवळच वडूज. तिथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर तिरंगा लावायला गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले.

कऱ्हाड मागे पडले की शेणोली येते. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथे पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून सरकारी खजिना उचलला. तेव्हा हा रस्ता मीटरगेजचा होता आणि वळिवड्याची छावणी वसू लागली ती त्याच सुमारास, या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाशी. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलखातून पुढे गेले की त्याच रुळांवर पोलिश बायकांची वस्ती. दोघांचा गुन्हा एकच, आपल्या घरात आपण मालक असावे म्हणणे. पण एकाला सरकार पकडू पाहत होते आणि दुसऱ्याला आसरा देत होते. राजकारणाला असल्या विसंगतीची लाज कधी वाटत नाही.

किर्लोस्करवाडी गेली. मराठी घरांत वाचनाची चटक लावणारे मासिक इथल्याच नांगर-पंपांच्या कारखान्यातून निघाले, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला आठवायलाच हवे. भिलवडी, सांगली, मग मिरज. हा सारा मुलूख तेव्हा सातारा जिल्हा आणि पटवर्धनांची संस्थाने यांत वाटलेला होता. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ साली आणि सांगली हे नाव त्यानंतर मिळाले. मिरजेला फाटा फुटतो आणि गाडी कोल्हापूरकडे वळते. तंबोऱ्यांच्या या गावात मी नुसता चहा घेतला आणि पुढे निघालो, कारण वळिवडे सांगलीच्या हद्दीपासून फार लांब नाही आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नव्हती.

पंचगंगेच्या अंगाला लांबच लांब बराकींच्या रांगा. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचे सभागृह. वस्ती बायकांची, मुलांची आणि म्हाताऱ्यांची, कारण बंदूक उचलू शकणारा पुरुष घरी उरलाच नव्हता. इटलीहून येणाऱ्या पत्रांवर दिवस ढकलायचे. युद्ध संपले तेव्हा यांनी सामान बांधायला घेतले असेल, असे वाटेल. पण जायचे कुठे? ८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयाचे मोठे संचलन निघाले. त्यात हिंदी सैनिक चालले. अँडर्सची फौज त्यात नव्हती. स्टालिनची मर्जी सांभाळायची होती. फौजेला इंग्लंडात नेऊन विसर्जित केले. खाणीत, गिरणीत, शेतावर, मिळेल तिथे भालाईत कामाला लागले. काहींची मुलेमाणसे वळिवड्याहून बोटीने तिकडे गेली, काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, आफ्रिकेला. काही जीव मुठीत धरून पोलंडलाच. काही जणींनी इथेच लग्ने करून कोल्हापुरात संसार थाटले. १९४८ मध्ये छावणी उठली. अँडर्स पुन्हा मायदेशी गेलाच नाही. १९७० साली लंडनला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे कॅसिनोच्या डोंगरावर आपल्या शिपायांत पुरला गेला.

वॉर्सा शहरात माँते कॅसिनोच्या लढाईचे स्मारक आहे. त्याच्या शेजारीच २०१७ च्या नोव्हेंबरात एक फलक बसवला गेला. त्यावर वळिवडे-कोल्हापूर छावणीचे नाव आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी फुले वाहिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल.

वळिवड्याच्या रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे तिथे आली आणि छावणीचे गांधीनगर झाले. आज ती कापडाची मोठी बाजारपेठ आहे. मी गेलो तेव्हा लग्नसराई तोंडावर होती. सांगली-साताऱ्याकडची मंडळी बस्त्याच्या पिशव्या सांभाळीत वळिवड्याच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत उभी होती, आणि एक आजीबाई सुनेला बजावीत होत्या, “अगं, मामीचं लुगडं वरच्या पिशवीत ठेव. गर्दीत चेपायचं.”